वीस आवाजांपैकी तीन

इलेक्ट्रिक गिटारवर बटणं आणि स्विच जितके जास्त, तितकी ती गिटार कामाची, असं माझं बरीच वर्षं मत होतं. ते नुसतं मनात नव्हतं. ऐकणारा सापडला की मी कागदावर आकृती काढून ते पटवून द्यायचो. आज माझ्या गिटारवर एक व्हॉल्यूम, एक टोन आणि तीन खटक्यांचा एक स्विच एवढंच उरलंय. ज्यांना मी त्या आकृत्या काढून दिल्या, त्यांतल्या काहींनी आपापल्या गिटारी उघडून तसं वायरिंग करूनही घेतलं. त्यांना निदान माझं मत का फिरलं हे कळायला हवं.

जुन्या मताला कारणं होती आणि मला ती आजही हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाहीत. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या माणसाकडे चांगली गिटार बहुधा एकच असते. गणपतीच्या मंडपात एकाच संध्याकाळी पंचमच्या गाण्याची साधी रिदम, मग एखाद्या मराठी गाण्याचा कोळीगीताच्या ठेक्यावरचा तुकडा, मग पोरांच्या फर्माइशीचा रॉक. गाण्यागणिक गिटार बदलणारे परदेशी वादक आपण व्हिडिओत बघतो. त्यांच्याकडे गिटारी असतात आणि त्या हातात आणून देणारा माणूसही असतो. आपण एकाच लाकडात सगळं बसवायला बघतो. यात चूक काय?

माझ्या गिटारवर दोन हम्बकर होते, म्हणजे प्रत्येकी दोन कॉइलचे पिकअप. पॉट, म्हणजे बटणांखालचे फिरते रोधक, चार आणि चारही पुश-पुल, फिरवायचे तसेच वर ओढायचेही. दोन पॉट ओढले की एकेका हम्बकरची एक कॉइल बंद पडायची. तिसरा ओढला की दोन्ही पिकअप समांतर असण्याऐवजी सिरीजमध्ये जायचे. चौथा ओढला की एका पिकअपचा फेज उलटायचा. आता हिशेब करा. नेक (गळ्याकडचा) पिकअप एकटा दोन प्रकारे, ब्रिज (घोडीजवळचा) पिकअप एकटा दोन प्रकारे, आणि दोन्ही एकत्र असताना चार गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळा. एकूण वीस आवाज. लेड झेपलिनच्या जिमी पेजच्या नावाने ओळखलं जाणारं वायरिंग याच जातीचं. ते सोल्डर करून झालं तेव्हा पॉटच्या खोबणीत वायरींचं असं जाळं झालं होतं की मागचं झाकण दाबून बसवावं लागलं. मला त्याचाही अभिमान होता.

आणि कुणी नाक मुरडलं तर हुकमाचा पत्ता होताच: ब्रायन मे. क्वीनच्या या वादकाने १९६३ पासून वडिलांच्या, हॅरॉल्ड मे यांच्या मदतीने घरीच गिटार बांधली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप आणि सहा छोटे स्विच. प्रत्येक पिकअपला एक चालू-बंद करण्याचा, एक फेज उलटण्याचा. तीच गिटार घेऊन त्याने स्टेडियमं भरवली. सहा स्विचनी त्याचा आवाज बिघडला का, असं विचारलं की समोरचा गप्प बसायचा. या पत्त्याची दुसरी बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. तिच्याकडे नंतर येतो.

त्या वीस आवाजांपैकी मंचावर मी किती वापरत होतो? मोजून दोन-तीन. बाकीचे घरी पाहुण्यांना ऐकवायचे. कॉइल बंद करून हम्बकरचा सिंगल कॉइल केला की आवाज पातळ व्हायचा, तो हवाच असायचा, पण त्याबरोबर पातळीही खाली यायची आणि ढोलकी-कीबोर्डमध्ये गिटार नाहीशी व्हायची. वर मांडवातल्या ट्यूबलाइटी आणि डिमर यांची ५० हर्ट्झची गुणगुण परत सुरू. सेथ लव्हरने १९५५ साली गिब्सन या गिटार कंपनीत दोन कॉइल उलटसुलट जोडून जी गुणगुण मारली, ती मी पॉट ओढून पुन्हा जिवंत करत होतो. फेज उलटा केला तर दोन पिकअपमधला खर्ज एकमेकांना खाऊन टाकायचा आणि उरायचा तो नाकातला आवाज. तो वाईट असतो असं नाही. गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९ च्या गिब्सन लेस पॉलवर नेक पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं आणि मधल्या खटक्यावरचा तिचा तो पोकळ, हळवा आवाज लोक आजही शोधत फिरतात. पण तो आवाज काढायला पीटर ग्रीन लागतो, आणि तशी गाणीही.

तरीही हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मत हललं ते एका पुश-पुल पॉटमुळे. त्याने तालमीच्या दिवशी दगा दिला. फिरवला की खरखर, ओढला की आवाज बंद. कार्यक्रम संध्याकाळी होता आणि नवा पॉट आणायला वेळ नव्हता. मी त्या जाळ्यातून ब्रिज पिकअपच्या दोन वायरी मोकळ्या केल्या, एका धड पॉटला जोडल्या, तिथून थेट जॅकला. टोन नाही, स्विच नाही, नेक पिकअप नुसता शोभेला. संध्याकाळ निभावली की बस्स, एवढाच विचार.

दुसऱ्याच गाण्यानंतर आमचा कीबोर्डवाला वाकून म्हणाला, "नवीन पिकअप टाकलास का रे?"

"नाही. अर्धी गिटार बंद आहे."

"मग अर्धीच वाजवत जा."

यात चिडवणं किती आणि कौतुक किती, ते त्याचं त्यालाच माहीत. पण मलाही काहीतरी वेगळं ऐकू येत होतं. आवाज मोठा नव्हता, उघडा होता. तार छेडताच पिकचा जो पहिला खडा स्वर असतो, तो आधी कापसात गुंडाळल्यासारखा यायचा. आता तो स्वच्छ होता. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो, तेव्हा तार तीच असते, सूर तोच असतो, पण वरचे स्वर एकदम बोलू लागतात. फरक त्या जातीचा होता.

मला असल्या अनुभवांवर सहसा विश्वास नसतो. त्या दिवशी तारा नव्या असतील, मांडव वेगळा असेल, वेळ निभावली म्हणून कान खूश असतील. म्हणून मी कागद घेऊन बसलो, आणि खरं तर कागदावरच माझं मत बदललं. हा भाग थोडा आकड्यांचा आहे, पण सगळी गोम त्यातच आहे.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. एवढ्या वेढ्यांमुळे त्याला मोठा इंडक्टन्स येतो, साध्या सिंगल कॉइलला साधारण अडीच हेन्रीच्या आसपास. गिटारपासून अँपपर्यंत जाणाऱ्या केबलला कपॅसिटन्स असतो, मीटरमागे ढोबळमानाने १०० पिकोफॅरड. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की एका ठरावीक कंपनसंख्येला आवाज उचलला जातो आणि तिच्या वरचा भाग झपाट्याने गळतो. पाच मीटर केबल धरली तर हे शिखर साडेचार हजार हर्ट्झच्या जवळ येतं; दहा मीटर केबल लावली तर तीन हजारांच्या थोडं वर. म्हणजे लांब केबल घेऊन मंचभर फिरणारा वादक आपल्या गिटारचा स्वभाव नकळत बदलत असतो. आपण ज्याला चमक म्हणतो, धार म्हणतो, ती बरीचशी या शिखरातच असते.

या शिखराची उंची मात्र पिकअपवर पडणाऱ्या भारावर ठरते, आणि भार टाकतात ते पॉट. लोकांना वाटतं, मलाही वाटायचं, की टोनचं बटण दहावर ठेवलं की टोन बंद. तसं नसतं. दहावर असतानाही त्या पॉटचा पूर्ण रोध कपॅसिटरमधून जमिनीकडे जोडलेला असतो. ०.०२२ मायक्रोफॅरडचा नेहमीचा कपॅसिटर तीन हजार हर्ट्झला जेमतेम अडीच किलोओहमचा अडथळा करतो, म्हणजे वरच्या स्वरांना तो नसल्यातच जमा. त्यांच्या दृष्टीने टोनचा ५०० किलोओहमचा पॉट सरळ जमिनीला टेकलेला असतो. व्हॉल्यूमचा ५०० आणि टोनचा ५०० समांतर, म्हणजे २५०. त्यात अँपच्या इनपुटचा एक मेगओहम धरला की २००. आणि माझ्या गिटारवर मधल्या खटक्यावर दोन्ही पिकअप चालू असले की चारही पॉट एकाच वेळी समांतर: १२५, अँप धरून १११ किलोओहम. पॉट एकच ठेवला तर अँप धरून ३३३. एकशे अकरा आणि तीनशे तेहेतीस. कापूस कुठून आला ते मला कळलं.

एवढं कळल्यावर जुन्या गिटारींच्या आकृत्या मी पुन्हा काढल्या, या वेळी वेगळ्या नजरेने. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याने रेडिओचं दुकान टाकलं. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्याने एस्क्वायर बाजारात आणली. तिच्यावर पिकअप एकच, पण स्विच तीन खटक्यांचा. एका पिकअपला तीन खटके कशाला, म्हणून मी तिला हसलो होतो. तिचं जे वायरिंग रूढ झालं त्यात पुढच्या खटक्यावर कपॅसिटरने ठरवून दिलेला घुमा आवाज, मधल्यावर नेहमीसारखा व्हॉल्यूम आणि टोन, आणि मागच्या खटक्यावर टोनचा सगळा भागच बाजूला. पिकअप, व्हॉल्यूम, जॅक. तालमीच्या दिवशी मी घाईत जे केलं, ते या रेडिओवाल्याने पन्नासच्या दशकात एका खटक्यावर देऊन ठेवलं होतं. फेंडरचीच टेलिकास्टर आणि एस्क्वायर यांचा ब्रिज पिकअप एकाच घराण्यातला असूनही एस्क्वायरवाले आपलीच गिटार जास्त झणझणीत असल्याचं का सांगतात, त्याचं निम्मं उत्तर त्या मागच्या खटक्यात आहे.

गिब्सनने १९५४ साली लेस पॉल ज्युनिअर काढली ती शिकाऊ पोरांसाठी, स्वस्तातली. एक पी-९० पिकअप, दोन बटणं. माउंटन बँडच्या लेस्ली वेस्टने ती हातात घेतली आणि महागड्या गिटारवाल्यांना विचार करायला लावलं. एडी व्हॅन हेलनची गोष्ट तर आणखी मजेची. त्याने जुळवाजुळव करून केलेल्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या गिटारवर काम करणारा हम्बकर एकच आणि पॉट एकच. उघडलेलं वायरिंग परत कसं जोडायचं हे न उमगल्याने त्याने पिकअप सरळ व्हॉल्यूमला जोडला, असं त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलेलं आहे. त्या एकुलत्या व्हॉल्यूमवर बटण बसवलं तेही 'टोन' लिहिलेलं. १९७८ च्या पहिल्या अल्बमचा तो आवाज काढायला जगभरचे लोक काय काय विकत घेतात, आणि मूळ गिटारमध्ये विकत घेण्यासारखं जवळजवळ काही नाही.

इथे मी थांबलो असतो तर एका टोकाचा भक्त दुसऱ्या टोकाला गेला, एवढीच ही हकिगत झाली असती. पण ब्रायन मेचा पत्ता डोक्यात होता. सहा स्विच असूनही त्याची गिटार दबलेली का नाही? आकृती पुन्हा पाहिली. सहा स्विच, पण पॉट दोनच. एक व्हॉल्यूम, एक टोन, सगळ्या पिकअपना मिळून. मी इतकी वर्षं स्विच मोजत होतो, आणि पिकअपवर ओझं टाकतो तो पॉट. स्विच नीट असेल तर त्याच्या संपर्काचा रोध ओहमच्या अंशात असतो. सात-आठ हजार ओहमच्या पिकअपपुढे त्याची काय मातब्बरी. म्हणजे जो पत्ता मी गुंतागुंतीच्या बाजूने टाकत होतो, तो निदान या बाबतीत साधेपणाच्या बाजूचा निघाला. शिवाय इतक्या शक्यता हाताशी असूनही मे बहुतेक वेळ ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र ठेवून वाजवतो. सहा स्विचचा माणूससुद्धा शेवटी एका जागी राहायला आला.

मग घरी एक चाचणी केली. गिटारला वायरीवर तात्पुरता स्विच जोडला: एका बाजूला जुना चार पॉटांचा भार, दुसऱ्या बाजूला एकच पॉट. त्याच कीबोर्डवाल्याला स्विचपाशी बसवलं, त्याच्याकडे पाठ करून वाजवलं आणि कुठला आवाज कुठला ते ओळखायचा प्रयत्न केला. अँप स्वच्छ असताना फरक मला दर वेळी कळला. डिस्टॉर्शन पेडल लावल्यावर मात्र माझे अंदाज म्हणजे छापा-काटा झाले. पेडल स्वतःच वरचे स्वर इतके घडवतं-बिघडवतं की गिटारमधल्या किलोओहमांचा आवाज त्यात बुडतो. हे मुद्दाम सांगतो, कारण वायरिंग सोपं केलं की आवाजात क्रांती होते असं सांगणारे बरेच भेटतात, आणि त्यांच्यातले बहुतेक डिस्टॉर्शनमध्ये वाजवणारे असतात.

त्याच ओघात आणखी काही गोष्टींवर मी फुली मारली. जुना तेलात बुडवलेल्या कागदाचा कपॅसिटर, कापडी वेष्टणाची वायर, अमुक देशाचं सोल्डर. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पन्नास पैशांचा असो की पाच हजारांचा, टोन दहावर असताना वरच्या स्वरांना तो दिसतच नाही, हे वरच्या आकड्यांतून उघड आहे. उलट एका गोष्टीकडे कुणी बघत नाही: ५०० लिहिलेला पॉट प्रत्यक्षात ४०० असू शकतो आणि ६०० सुद्धा, कारण वीस टक्के इकडेतिकडे हे या मालात चालतंच. पॉट घेताना मल्टिमीटर खिशात ठेवावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर उभं राहून पॉट मोजून घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, पण देतो. गिटारचा म्हणून वेगळा पॉट नाही मिळाला तर ४७० किलोओहमचा साधा घ्यावा. दांडा आणि बटण जुळतंय ना, तेवढं पाहावं.

आता जे सांगतो ते मला स्वतःला आवाजापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. चार बटणं होती तेव्हा मी एकही फिरवत नव्हतो. सगळी दहावर, आणि बदल हवा असला की खाली वाकून पेडल दाबायचं. कुठल्या व्हॉल्यूमने कुठला पिकअप कमी होतो, कुठलं ओढलेलं आहे, कुठलं दाबलेलं, हे गाण्याच्या मध्ये आठवायला सवड नसते. एकच व्हॉल्यूम उरला तेव्हा करंगळी आपोआप तिथे जायला लागली. सातवर रिदम, दहावर सोलो, चारवर गायकाच्या ओळीमागे जाणारं वाजवणं. अँप थोडा तापलेला ठेवला की हे सगळं पेडलशिवाय होतं. गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की अँपही निवळतो. जेफ बेक नंतरच्या वर्षांत पिक टाकून बोटांनी वाजवायचा आणि त्याची करंगळी स्ट्रॅटोकास्टरच्या व्हॉल्यूमवर सतत चाललेली असायची. रॉय ब्युकॅनन टेलिकास्टरच्या व्हॉल्यूमने तार छेडल्यावर आवाज मागून फुलवायचा, व्हायोलिनसारखा. हे व्हिडिओ मी आधीही पाहिले होते आणि बघून त्यांची पेडलं कुठली ते शोधत बसलो होतो.

पण व्हॉल्यूम उतरवायचा म्हटलं की नवा त्रास उभा राहतो: वरचे स्वर आधी गळतात. कारण तेच. ५०० किलोओहमचा पॉट विजेच्या हिशेबाने मध्यावर आणला की केबलला समोर सव्वाशे किलोओहमचा उगम दिसतो, आणि पाच मीटर केबलबरोबर तो अडीच हजार हर्ट्झच्या वरचं सगळं बसवायला लागतो. हा त्रास आहे म्हणूनच लोक व्हॉल्यूम दहावरून हलवत नाहीत. त्यावर दोन उपाय रूढ आहेत. एक म्हणजे व्हॉल्यूमच्या दोन पायांमध्ये छोटा कपॅसिटर, सहाशे ऐंशी ते हजार पिकोफॅरडचा, बहुधा सोबत एक रेझिस्टर. म्हणजे वरच्या स्वरांना चोरवाट. दुसरा म्हणजे पन्नासच्या दशकातल्या गिब्सनसारखं वायरिंग, ज्यात टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या शिरकावाच्या पायाला न जोडता बाहेर जाणाऱ्या मधल्या पायाला जोडतात. पहिला उपाय मला चिरका वाटला. व्हॉल्यूम खाली आणला की खर्ज निघून जातो आणि नुसती टोकं उरतात. दुसऱ्यात एक पैशाचाही नवा भाग लागत नाही, एक वायर एका पायावरून दुसऱ्या पायावर जाते. त्यात टोन फिरवला की व्हॉल्यूमही किंचित हलल्यासारखा वाटतो, ही तक्रार खरी आहे. आठवडाभरात हाताला त्याची सवय होते.

टोनचा विषय निघालाच आहे तर तो परत कसा आला तेही सांगायला हवं. कागदावरचा हिशेब कळल्याच्या पहिल्या जोशात मी टोन काढूनच टाकला होता. नुसता व्हॉल्यूम, एस्क्वायरच्या मागच्या खटक्यासारखा. जुन्या अँपवर, मोठ्या मांडवात तो सुरेख वाजला. मग एका छोट्या हॉलमध्ये, फरशी, काच आणि पत्र्याचं छत, दुसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतल्या काकूंनी कानावर पदर घेतला. भार कमी झाला की शिखर उंचावतं, आणि शिखर उंचावलं की ते नेहमीच गोड लागतं असं नाही. १९५४ च्या मूळ स्ट्रॅटोकास्टरवर दोन टोन होते, पण ब्रिज पिकअपला एकही नव्हता; तो पिकअप बोचतो म्हणून तेव्हापासून आजपर्यंत लोक त्याला टोन जोडून घेत आलेत. साधेपणाच्या मागे लागून त्यांना नावं ठेवणं हा कोतेपणा झाला असता. म्हणून टोन परत आणला, पण नो-लोड पॉट घेऊन. तो दहावर गेला की आतली पट्टी तुटलेली असते, त्यामुळे पॉट खरोखरच वाटेतून बाहेर पडतो. नऊवर आणला की पुन्हा जोडला जातो. तो खटका बोटाला जाणवतो. हॉल बोचरा असला की नऊ, मांडव असला की दहा.

तिहेरी स्विच का ठेवला असं मला एका पट्टीच्या साधेपणावाल्याने विचारलं. त्याच्या मते ब्रिज पिकअप, व्हॉल्यूम आणि जॅक याच्यापलीकडे जे काही असेल तो भ्रष्टाचार. मी त्याला म्हटलं, नेक पिकअपवर जुनी गझलेसारखी गाणी वाजतात, आणि मधल्या खटक्यावर रिदमचा जो मोकळेपणा येतो तो इतर कुठून येत नाही. स्विचचा भार नसतो हे वर आलंच. जे आवाजाचं काही घेत नाही आणि मला दोन गाणी देतं, ते मी कशाला काढू? वीस आवाजांपैकी तीन ठेवले, कारण तीनच वाजवत होतो.

ज्यांची गाणीच वीस आवाज मागतात, त्यांची गोष्ट वेगळी. स्टुडिओत दिवसभरात चार निर्मात्यांकडे वाजवणारा माणूस पुश-पुल ठेवणारच, ठेवावेच त्याने. त्याच्याकडे अँपसमोर बसून निवांत ओढाताण करायला वेळ असतो आणि तिथे ट्यूबलाइटच्या गुणगुणीची काळजी घेणारं कुणीतरी असतं. मी आकृत्या काढून दिल्या त्यांतला एक जण असाच आहे. त्याची गिटार मी उघडणार नाही. फक्त त्याच्या दोन्ही टोनच्या जागी नो-लोड, पण पुश-पुलच असलेले पॉट टाकायला त्याला सांगितलंय. बाकीच्यांनी काही विकत घेण्याआधी एवढंच करून बघावं: मागचं झाकण काढा, टोनच्या कपॅसिटरचा एक पाय सोल्डर वितळवून उचला, त्याला इन्सुलेशन टेपचा तुकडा गुंडाळा आणि स्वच्छ अँपवर दोन दिवस वाजवा. आवडलं नाही तर तो पाय पुन्हा खाली टेकवायला दोन मिनिटं लागतात.

नेक पिकअपबद्दल मात्र आमचा त्या साधेपणावाल्याशी वाद अजून चालू आहे. त्याचं म्हणणं, नेकपाशी तार जास्त झुलते, तिथलं चुंबक तिला ओढून धरतं, म्हणून तो पिकअप काढल्याशिवाय ब्रिजचा खरा आवाज येतच नाही. चुंबक तारेला ओढतं हे खरं आहे. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारवर पिकअप फार वर असले तर जाड तारेत वरच्या पट्टीत विचित्र लाट ऐकू येते, सूर मिळवतानासुद्धा ट्यूनरचा काटा स्थिर राहत नाही. पण त्यासाठी पिकअप काढायची गरज मला दिसत नाही. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून मी तो खाली घेतलाय, जाड तारेकडून थोडा जास्त. लाट गेली. त्याला ते पुरेसं वाटत नाही, मला वाटतं, आणि पुढच्या रविवारी तो स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊन येणार आहे.